दम कुठे सोडायचा

धानाची कापणी आटोपली की करडी आणि आसपासच्या गावांत कबड्डीचे सामने सुरू होतात. मोहाडी तालुक्यातला हा भाग वैनगंगेच्या पूर्वेला आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कोक्याचं जंगल आणि मध्ये सगळीकडे धानाच्या बांध्या. भाऊबीजेपासून मंडया लागतात, दंडारी होतात, रात्रभर नाटकं चालतात. थंडी अंगात शिरू लागली की शाळेच्या पटांगणावर, नाहीतर एखाद्या रिकाम्या बांधीत चुन्याच्या रेषा पडतात. खांबांवर दिवे, टेबलावर चषक, माइकवर गावातलाच एखादा बोलका माणूस. सामने बरेचदा वजनगटाचे असतात, म्हणून पोट्टे आधी काट्यावर चढतात आणि मग मैदानात उतरतात.

मला सगळ्यात आधी या माइकविषयी बोलायचं आहे. सामना रंगात आला की प्रेक्षकांतून कुणीतरी चिठ्ठी पाठवतो आणि निवेदक जाहीर करतो, पुढच्या चढाईला एवढे रुपये. कधी बोनसला, कधी दोन गडी बाद करणाऱ्याला. पण टाळ्या आणि नोटा सर्वांत जास्त पडतात त्या पकडणाऱ्यांच्या डोक्यावरून झेप घेऊन परतणाऱ्याला. चढाईपटू मांडी थोपटतो, गर्दीकडे बघून हात उंचावतो, दम घेतो आणि मध्य रेषा ओलांडतो. पुढच्या तीस सेकंदांत त्याच्या गुडघ्याचं काय होणार, हे बऱ्याच अंशी त्या घोषणेनेच ठरवून टाकलेलं असतं.

एवढं मोठं विधान केलं आहे, तर ते पटवूनही द्यायला हवं. कारण गावोगावी समज वेगळा आहे. उड्या मारणारा, अंगावर जाणारा, दिखावा करणारा खेळाडू मोडतो आणि सांभाळून खेळणारा टिकतो, असं जुने खेळाडू सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

पवन सेहरावतचं उदाहरण घ्या. आजच्या कबड्डीत त्याच्याइतका हवेत जाणारा चढाईपटू नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी प्रो कबड्डीत हरयाणाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ३९ गुण काढले. अंगावर आलेल्या बचावपटूवरून सरळ उडी मारणं ही त्याची ओळख. २०२२च्या लिलावात तमिळ थलायवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख रुपये मोजले. ऑक्टोबर २०२२मध्ये मोसमातल्या पहिल्याच सामन्यात, गुजरातविरुद्ध, त्याचा गुडघा गेला आणि त्याबरोबर अख्खा मोसमही. पण गुडघा गेला तेव्हा तो हवेत नव्हता. चढाईवरही नव्हता. तो बचावात उभा होता आणि समोरच्या चढाईपटूला पकडायला गेला होता. ज्या उड्यांसाठी लोक तिकीट काढतात, त्या उड्यांनी त्याला वर्षानुवर्षं काही केलं नव्हतं. पुढच्याच वर्षी हांगझोच्या एशियाडमध्ये त्याने भारताच्या सुवर्णविजेत्या संघाचं नेतृत्व केलं.

म्हणजे झेप घेणं हाच धोका, असं म्हणता येत नाही. मग धोका कशात आहे?

याचं उत्तर शोधताना मला अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकची गोष्ट फार उपयोगाची वाटते. हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही, पण त्यातला क्वार्टरबॅक ही जागा चढाईपटूसारखीच एकाकी आहे. चेंडू त्याच्या हातात येतो, पुढे काय करायचं ते तोच ठरवतो आणि समोरच्या संघातले शंभर-सव्वाशे किलोंचे गडी त्याला आडवं करायला धावून येतात. काही क्वार्टरबॅक आपल्या साथीदारांच्या कड्यात उभे राहून चेंडू फेकतात. काही स्वतः चेंडू घेऊन पळतात. पळणाऱ्यांवर लोक जीव ओवाळून टाकतात, आणि तेच लवकर जायबंदी होतात असा तिथलाही समज आहे.

२०१२ साली तिथे दोन पळणारे क्वार्टरबॅक एकाच वेळी व्यावसायिक खेळात आले. रॉबर्ट ग्रिफिनची निवड त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर झाली आणि वॉशिंग्टनने त्याला उचललं. रसेल विल्सन तुलनेने बुटका. त्याला सिअॅटलने तिसऱ्या फेरीत घेतलं. ग्रिफिनने पहिल्याच मोसमात देश वेडा केला. तो वाऱ्यासारखा पळायचा आणि आणखी एक-दोन पावलं मिळवण्यासाठी अंग झोकून द्यायचा. त्या ऑक्टोबरमध्ये अटलांटाविरुद्ध पळताना तो वेळेत खाली बसला नाही आणि डोक्याला मार बसला. डिसेंबरमध्ये बाल्टिमोरविरुद्ध गुडघा दुखावला. तरी ६ जानेवारी २०१३च्या बादफेरीच्या सामन्यात तो पट्टा बांधून उतरला. समोर विल्सनचाच संघ होता. ग्रिफिन पहिल्या सत्रातच लंगडू लागला. घरचं मैदान अनेक ठिकाणी उखडलेलं होतं. शेवटच्या सत्रात नीट न आलेला चेंडू उचलायला तो वाकला आणि कुणाचा धक्काही लागलेला नसताना गुडघा वळून कोसळला. सिअॅटलने सामना २४-१४ असा जिंकला. ग्रिफिन नंतर खेळला, पण पहिल्या वर्षीचा ग्रिफिन पुन्हा कुणाला दिसला नाही.

त्याच मैदानावर, त्याच संध्याकाळी विल्सनही पळत होता. पुढे वर्षानुवर्षं पळत राहिला. ऑक्टोबर २०२१मध्ये बोट दुखावेपर्यंत त्याचा एकही सामना चुकला नाही, आणि तेही बोट दुखावलं ते चेंडू फेकल्यावर हात समोरच्याच्या अंगावर आदळून. हा माणूस आधी बेसबॉल खेळलेला. पाय पुढे करून जमिनीवर घसरत थांबायचं कसब त्याच्या अंगी भिनलेलं होतं. अमेरिकन फुटबॉलचा नियमच असा आहे की क्वार्टरबॅक पाय पुढे करून घसरला की खेळ तिथेच थांबतो, आणि त्यानंतर त्याला धडकणाऱ्याला दंड होतो. विल्सन या नियमाचा पुरेपूर फायदा घ्यायचा. मिळालं तेवढं अंतर घ्यायचं आणि धक्का बसण्याआधी खाली बसायचं. दोघंही पळणारेच होते. कुठे थांबायचं, याबद्दलच्या दोघांच्या समजुतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता.

दिखाव्याचं काय? क्वार्टरबॅक कॅम न्यूटनने गुण केला की तो छातीवरचा शर्ट दोन हातांनी फाडल्याचा आव आणायचा, सुपरमॅनसारखा. २०१५च्या मोसमाचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो आव आणताना कुणी जखमी होत नाही. तेव्हा खेळ थांबलेला असतो. पण एकदा लोकांनी तुम्हाला सुपरमॅन मानलं की पुढच्या धावेत बाजूला होणं, खाली बसणं, मैदानाबाहेर पाऊल टाकणं अवघड होऊन बसतं. साडेसहा फुटांच्या आसपासचा हा धिप्पाड गडी स्वतःच समोरच्याच्या अंगावर जायचा. मार्च २०१७मध्ये त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, जानेवारी २०१९मध्ये पुन्हा झाली.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं नाव म्हणजे सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा पोरगा २०१८मध्ये यू मुंबाकडून पहिल्यांदा उतरला आणि त्या मोसमात त्याने चढाईचे २१८ गुण काढले. लोकांनी त्याला बाहुबली म्हटलं. तीन-तीन गडी अंगाला लटकलेले असताना त्यांना ओढत तो मध्य रेषेवर हात टेकवायचा. पुढच्या मोसमासाठी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. २०२१-२२च्या मोसमात मात्र सुरुवातीच्याच काही सामन्यांनंतर खांद्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसवलं. तीन माणसांचं वजन ओढत हात लांबवायचा म्हटलं की सगळा ताण खांद्याच्या खोबणीवर येतो. शरीरात सर्वांत मोकळा फिरणारा सांधा तोच, म्हणून सर्वांत सहज निखळणाराही तोच.

याच्या दुसऱ्या टोकाला अनुप कुमार. चेहऱ्यावर रेषा हलायची नाही. बोनस घ्यायचा, पायाच्या बोटाने गडी टिपायचा, काही मिळालं नाही तर रिकाम्या हाताने परत यायचं. २०१५मध्ये यू मुंबाला आणि २०१६च्या अहमदाबादच्या विश्वचषकात भारताला त्याने असाच खेळ करून जिंकून दिलं. त्याचा खेळ बघायला गर्दी कमी होत होती असं कुणी म्हणू शकणार नाही. परत येण्यातही एक रुबाब असतो, हे त्याने दाखवून दिलं.

आता पुन्हा करडीकडच्या मैदानाकडे येऊ, कारण अमेरिकेतल्या गुडघ्यापेक्षा मला इथल्या गुडघ्याची काळजी आहे.

एक चढाई जवळून बघू. चढाईपटू उजव्या कोपऱ्यात शिरतो, हात मारतो, गडी टिपतो. गुण मिळाला. आता त्याने वळून मध्य रेषा गाठायची. मैदानाची अर्धी लांबी साडेसहा मीटर. तो निदान रेषेच्या पलीकडे असेल तर परतायला किमान पावणेचार मीटर. वळताना पाय जमिनीत रोवलेला असतो आणि नेमक्या त्याच क्षणी कोपरारक्षक घोटा धरतो. पाऊल जागच्या जागी अडकलं. धड मात्र मध्य रेषेकडे फिरतंय. मधला सगळा पीळ गुडघ्यात साठतो. इथवरही गुडघा तग धरतो. मग बाजूने दुसरा गडी मांडीवर येऊन आदळतो आणि गुडघा आतल्या बाजूला दुमडतो. आत टक् असा आवाज होतो. बहुतेक वेळा तो खेळाडूला स्वतःला ऐकू येतो. गुडघ्याच्या आतला पुढचा दोर तुटलेला असतो. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. काही तासांत गुडघा टम्म सुजतो.

यानंतर जे होतं त्यात खरा घात आहे. कुणी सांगतं नस चढली, कुणी मोच आली म्हणून जोरात मालिश करतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते आणि पोट्टा सरळ रेषेत चालू लागतो. चालताना दुखत नाही, म्हणून त्याला वाटतं बरं झालं. एसीएलशिवाय सरळ चालता येतं, सायकल मारता येते, रोवणीसुद्धा करता येते. वळता येत नाही. पुढच्या सामन्यात पहिल्याच वळणावर गुडघा निसटतो आणि यावेळी आतली कूर्चेची गादीही फाटते. पहिल्या दुखापतीवर उपाय होता. दुसरी मात्र पस्तिशीत गुडघा झिजवते.

शस्त्रक्रिया नागपूरला होते, बऱ्याचदा रुग्णाच्याच मांडीमागचा स्नायूबंध काढून नवा दोर बसवतात. मैदानात परतायला किमान नऊ महिने, तेही रोजचा व्यायाम नेमाने केला तर. गावातल्या मुलासाठी हे नऊ महिने म्हणजे काय, ते बघा. करडी परिसरातली कितीतरी मुलं कबड्डीबरोबरच पोलीस भरतीची तयारी करत असतात. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळवून देणारा खेळ हा घरातल्यांच्या दृष्टीने नोकरीचा रस्ताही असतो. भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, १०० मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो. कोटीचा करार असलेल्या खेळाडूचा गुडघा गेला तर त्याच्यामागे संघाचा डॉक्टर, फिजिओ, विमा उभा असतो. या मुलाचा गुडघा गेला तर भरतीचं वर्ष जातं, आणि वयाची अट त्याच्यासाठी थांबत नाही.

मैदानाचाही यात मोठा हात आहे. पूर्वी कबड्डीचं मैदान करणं हेच दोन-तीन दिवसांचं काम असायचं. माती नांगरून मोकळी करायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं, पुन्हा भुसभुशीत करायची. आता सामने ठरतात घाईत, आणि वाळलेल्या टणक मुरमावर किंवा धसकटं नीट न काढलेल्या बांधीत रेषा मारून मोकळे होतात. टणक जमिनीवर उडीनंतरचा सगळा दणका टाचेतून गुडघ्यात जातो. उलट जिल्ह्याच्या आणि त्यापुढच्या स्पर्धा मॅटवर होतात. अनवाणी पायाने मातीवर वळताना पाऊल जरा घसरतं आणि गुडघा वाचतो. मॅटवर बूट घट्ट चिकटतो आणि पीळ सगळा सांध्यात जातो. वर्षभर मातीवर खेळलेला मुलगा एक दिवस उसने बूट घालून मॅटवर उतरतो आणि तीच गिरकी घेतो, तेव्हा त्याच्या पायाखालचा सगळा हिशेब बदललेला असतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

विदर्भाला कबड्डी कुणी शिकवायला नको. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. २०१७मध्ये प्रो कबड्डीचे सामने नागपूरला मानकापूरच्या संकुलात झाले. आता हंगामात रोज रात्री ते मोबाइलवर दिसतात. पोट्टे डुबकी बघतात, हनुमान उडी बघतात आणि दुसऱ्या दिवशी करून बघतात. मोबाइलवर उडी दिसते. उडीआधीचा सराव दिसत नाही. मॅटवर शेकडो वेळा पडून शिकलेलं उतरणं, दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, नितंब मागे घेऊन, हे कुणी दाखवत नाही. डुबकी मारताना डोकं समोरच्याच्या गुडघ्याच्या उंचीवर जातं, म्हणून डोकं आणि मान सांभाळावी लागते, हेही नाही. जुलै २०२२मध्ये तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातल्या एका गावच्या सामन्यात चढाई करताना एक तरुण मैदानातच कोसळला आणि गेला. त्याच्या शेवटच्या क्षणांचा व्हिडिओ देशभर फिरला. चषकांचा आणि टाळ्यांचा तोही खेळ होता.

आता त्या क्षणाकडे येतो, जो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्वार्टरबॅकला घसरून थांबायची मुभा आहे, तशी मुभा चढाईपटूला कबड्डीच्या नियमांनी पहिल्यापासूनच दिली आहे. तो दम सोडू शकतो. 'कबड्डी कबड्डी' थांबलं की पंच शिट्टी वाजवतो, चढाईपटू बाद होतो आणि पकडणाऱ्यांना हात सोडावेच लागतात. एक गुण जातो. चार जणांनी घेरल्यावर, घोटा अडकल्यावर, गुडघा वाकडा होतोय असं जाणवल्यावर दम सोडणं हा पूर्णपणे नियमातला, डोकं शाबूत असलेल्या खेळाडूचा निर्णय आहे. तो बाद झालेला गडी पुढे कधीतरी जिवंतही होतो. तुटलेला दोर आपोआप जुळत नाही.

पण आपल्या गावांत दम सोडणाऱ्याला काय ऐकावं लागतं, ते सर्वांना माहीत आहे. शेवटपर्यंत झटापट करणारा वाघ, आणि दम सोडणारा घाबरट. तिसऱ्या चढाईला, करो या मरोला, तर हे दडपण आणखी वाढतं. त्यात माइकवरून रक्कम जाहीर झालेली असली की विचार करायला जागाच उरत नाही. चढाईपटूने गडी आधीच टिपलेला असतो, तरी तो आणखी दोघांच्या अंगावर जातो, कारण पैसे लागलेत ते उडीला. मांडी थोपटण्यात, शड्डू ठोकण्यात, गर्दीला हात करण्यात काहीही वाईट नाही. त्यानेच खेळ गावाचा होतो, आणि मला तो आवडतो. धोका तेव्हा सुरू होतो जेव्हा थांबायचं की नाही हा निर्णय खेळाडूच्या हातून सुटून प्रेक्षकांकडे जातो. ग्रिफिनच्या बाबतीत तेच झालं. लंगडणाऱ्या नायकाला बाहेर काढायची हिंमत त्या दिवशी कुणी केली नाही.

पकडणाऱ्यांच्या बाजूनेही असंच आहे. पायांची कात्री घालून पाडणं हा नियमभंग आहे, तोंड दाबणं नियमभंग आहे, मुद्दाम रेषेबाहेर ढकलणं नियमभंग आहे. गावच्या सामन्यात पंच हे बघून न बघितल्यासारखं करतात, कारण पकड जोरदार झाली की लोक उठून उभे राहतात. पवनचा गुडघा पकडताना गेला होता, चढाईत नाही, हे पुन्हा आठवा. मोठ्या पकडीचा मोह चढाईच्या मोहाइतकाच महाग पडतो.

म्हणून करडी, मुंढरी, पालोरा आणि आसपासच्या सगळ्या गावांतल्या मंडळांना माझं सांगणं आहे. बक्षिसं द्या, माइक वाजवा, पण उडीवर पैसे लावणं यंदा बंद करा. तीच रक्कम गडी टिपून सुखरूप परतणाऱ्याला द्या, स्वच्छ पकडीला द्या, आणि एक बक्षीस पूर्ण स्पर्धेत नियमभंग न करणाऱ्या संघाला ठेवा. मैदान दोन दिवस आधी नांगरून, खडे वेचून, पाणी मारून तयार करा. अर्धा तास अंग गरम केल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका, थंडीत तर नाहीच. जवळ बर्फ, फळ्या, पट्ट्या आणि एक गाडी तयार ठेवा. निखळलेला खांदा मैदानात कुणालाही ओढून बसवू देऊ नका; हात होता तसा झोळीत बांधून दवाखान्यात न्या. मान किंवा पाठ दुखावली असेल तर उठवून बसवू नका. डोक्याला मार लागून क्षणभर भान गेलं असेल, तर तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, मग तो अंतिम सामना का असेना. आणि हे ठरवणारा माणूस संघाचा नसावा. गावच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स, निवृत्त क्रीडाशिक्षक, कुणीही चालेल, पण त्याचा शब्द कप्तानाच्या आणि सरपंचाच्या वर असला पाहिजे.

आई-बापांनीही एक करावं. गुडघा सुजला, टक् आवाज आला असं पोराने सांगितलं, किंवा वळताना गुडघा निसटतो असं तो म्हणाला, तर मालिश करू नका. महिन्याभराच्या आत हाडांच्या डॉक्टरला दाखवा, तो सरळ चालत असला तरीही.

आणि माइकवरच्या माणसाने, पुढच्या वेळी एखाद्या पोट्ट्याने चार जणांच्या कचाट्यात दम सोडला तर, तो चुकला असं सांगू नये. त्याने शहाणपणा केला, असं मोठ्या आवाजात सांगावं.